ओघळलेले स्तन आणि उगाच घेतलेला दोष

‘ताई, माझं वय ४४. दोन मुलं आहेत, दोघांनाही दीड-दीड वर्ष अंगावर पाजलं. गेल्या वर्षभरात मी नेटाने १६ किलो वजन उतरवलं. सगळे कौतुक करतात, पण कपडे बदलताना आरशात बघितलं की मला रडू येतं. स्तन रिकाम्या पिशवीसारखे झालेत, निप्पल खाली वळलीत. नणंद म्हणते, इतके दिवस पाजलंस, मग हे होणारच. आई म्हणते, रात्री ब्रा काढून झोपतेस म्हणून. तेलाची मालिश झाली, महागडं क्रीम झालं, काही फरक नाही. आता एका जाहिरातीत ‘ऑपरेशनशिवाय लिफ्ट’ असं वाचलंय. ते करू का? की सरळ ऑपरेशनच करून टाकू? नवरा म्हणतो, मला काही फरक पडत नाही, तू कशाला जिवाला लावून घेतेस. धाकटी बहीण गरोदर आहे. माझं बघून तीही विचारतेय, बाळाला बाटलीचंच दूध दिलं तर? आणि एक, डावं निप्पल दोन-तीन महिन्यांपासून जरा आत ओढल्यासारखं दिसतं. वयामुळेच असेल ना?’

तुमचं शेवटचं वाक्य मी सर्वांत आधी घेते. बाकीच्या प्रश्नांना वेळ आहे, त्याला नाही.

वयाने, बाळंतपणाने किंवा वजन उतरल्याने होणारा बदल साधारणपणे दोन्ही बाजूंना होतो आणि सावकाश होतो. आजवर बाहेर असलेलं एकाच बाजूचं निप्पल दोन-तीन महिन्यांत आत जाऊ लागलं, तर ते वयावर ढकलून मोकळं व्हायचं नाही. याची कारणं साधीही असतात. निप्पलमागच्या दूधनलिका चाळिशीच्या आसपास रुंदावतात, त्यांना सूज येते आणि निप्पल आत खेचलं जातं. जुन्या संसर्गाचा व्रणही असं करू शकतो. पण आत वाढणारी कर्करोगाची गाठसुद्धा हेच करते, आणि नुसतं बाहेरून बघून यातलं काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा सर्जनना दाखवा. ते दोन्ही स्तन आणि काखा हाताने तपासतील, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी करायला सांगतील. काही संशयास्पद दिसलं, तर सुईने छोटा तुकडा काढून तपासतील. गाठ लागत नाही, दुखत नाही म्हणून थांबू नका. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही.

हे वाचणाऱ्या इतर मैत्रिणींसाठीही सांगते. स्तनात किंवा काखेत नवी गाठ, त्वचेवर खळी पडणं, संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि छिद्रं दिसणारी त्वचा, बाळ अंगावर नसताना निप्पलमधून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, निप्पलवरची न भरणारी खपली, एकाच स्तनाचा आकार अचानक बदलणं, यातलं काहीही दिसलं तर आधी डॉक्टर. निप्पल वयात आल्यापासूनच आत असेल, तर ती काळजीची गोष्ट नाही. दोन्ही स्तन थोडे लहानमोठे असणं, हेही अगदी नेहमीचं आहे.

ही तपासणी झाल्यावरच पुढचं सगळं. ती होईपर्यंत कुठल्याही क्लिनिकला स्तनाला हात लावू देऊ नका.

आता तुमच्या नणंदेचं म्हणणं. ते चूक आहे, आणि अशा बोलण्यामुळे कितीतरी बायका वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

स्तनात स्नायू नसतो. त्यात दुधाच्या ग्रंथी असतात, त्यांच्या नलिका असतात, भोवती चरबी असते, आणि या सगळ्यातून त्वचेपर्यंत जाणारे तंतूंचे पातळ बंध असतात. ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने १८४० साली स्तनाच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, त्यावरून या बंधांना आजही कूपरचे बंध म्हणतात. हे बंध आणि वरची त्वचा, या दोघांवर स्तनाचा आकार पेलला जातो. छातीचा मोठा स्नायू असतो तो स्तनाच्या मागे. बंध आणि त्वचा एकदा जास्त ताणली गेली की त्यांना पूर्वीच्या लांबीवर परत येता येत नाही.

त्यांना ताण कधी बसतो? मुख्यतः गरोदरपणात. दिवस राहिल्यापासून ग्रंथी वाढू लागतात, स्तन जड होतात, त्वचा ताणली जाते. प्रसूतीनंतर दूध उतरतं, ते बाळाला पाजा किंवा न पाजा. पाजलं नाही तर दूध काही दिवसांत किंवा आठवड्यांत आटतं, पाजलं तर नंतर कधीतरी आटतं. दोन्हीकडे शेवटी ग्रंथी आकसतात आणि ताणलेली त्वचा मागे उरते. म्हणजे ताण आधीच बसून गेलेला असतो, आणि दोष मात्र पाजण्याला मिळतो.

हे कोणी तपासून पाहिलंय का? हो. ब्रायन रिंकर या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या बायकांचा अभ्यास करून तो २००८ साली प्रसिद्ध केला. स्तन ओघळण्याशी कशाचा संबंध दिसला? वाढतं वय, उंचीच्या मानाने जास्त वजन, गरोदरपणांची संख्या, गरोदर होण्याआधीच स्तन मोठे असणं आणि धूम्रपान. पाजलं की नाही, याने फरक पडला नाही. धूम्रपानाचं नाव यादीत बघून काहींना नवल वाटेल. तंबाखूच्या धुराने त्वचेला लवचिक ठेवणारं इलॅस्टिन खराब होतं, त्वचेची पुन्हा आकसण्याची ताकद जाते.

तेव्हा बहिणीला स्पष्ट सांगा: बाटलीने तुझे स्तन वाचणार नाहीत, कारण बदल आत्ता, गरोदरपणातच सुरू झालेला आहे. उलट पाजण्यात तिचा स्वतःचा फायदा आहे. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००२ साली जो निष्कर्ष आला, त्यानुसार आईने पाजलेल्या दर १२ महिन्यांमागे तिचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो. तुम्ही तीन वर्षं पाजलंत. त्या तीन वर्षांबद्दल कोणी टोमणा मारला, तर हा हिशोब त्यांच्यापुढे ठेवा. पाजायचं की नाही, किती दिवस, हे तिचं तिने ठरवावं, आणि काही कारणाने जमलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नये. फक्त आकाराच्या भीतीपोटी ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं.

मग तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं? तीन गोष्टी एकत्र आल्या. दोन गरोदरपणांत त्वचा आणि बंध ताणले गेले. चाळिशीनंतर दुधाच्या ग्रंथी हळूहळू आटतात, त्यांची जागा चरबी घेते. पाळी जाण्याच्या आसपास इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊ लागलं की हा वेग वाढतो आणि त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजेनही कमी होतं. आणि त्यावर तुम्ही १६ किलो वजन उतरवलंत. वजन उतरलं की चरबी सगळ्या अंगावरून जाते, स्तनांतूनही जाते, आणि या वयात त्वचा तेवढी आकसत नाही. तुम्हाला जे ‘रिकामं’ वाटतंय, ते याचं आहे, विशेषतः स्तनाच्या वरच्या भागात. वजन उतरवण्यात तुमची काही चूक झाली नाही. तुमच्या हृदयाला, गुडघ्यांना, साखरेला त्याचा जो फायदा झालाय, तो आरशात दिसत नाही, पण तो मोठा आहे.

आईच्या ब्राच्या सल्ल्याने अपाय काही नाही. रात्री ब्रा घातल्याने स्तन ओघळायचे थांबतात, असा पुरावा मात्र नाही. आरामात झोपा. दिवसा नीट मापाची ब्रा वापरा. ती अंगात असेपर्यंत आकार देते, खांद्यांवरचा भार वाटून घेते. वजन उतरल्यावर जुनी मापं उपयोगाची राहत नाहीत, म्हणून नव्याने माप घ्या. पट्टा छातीभोवती घट्ट बसायला हवा, कारण खरा आधार तो पट्टा देतो. खांद्यांवरच्या पट्ट्यांचं काम त्यामानाने कमी. पुष्कळ जणी बरोबर उलटं करतात: खालचा पट्टा सैल आणि खांद्यांवरचे पट्टे आवळून ओढलेले. धावताना किंवा उड्या मारताना स्पोर्ट्स ब्रा घालाच. स्तन तेव्हा वरखाली, आजूबाजूला आणि पुढेमागे असे तिन्ही दिशांना हलतात, आणि ते हलणं दुखतं.

तेल आणि क्रीम आता बंद करा. दोन्हींनी त्वचा मऊ होते, त्यापलीकडे काही नाही. ताणलेल्या बंधांपर्यंत ती पोचत नाहीत. खेचून धरणारे पंप वगैरे मिळतात, त्यांच्याही वाटेला जाऊ नका. व्यायामाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. दंडबैठकांतल्या दंडांसारख्या व्यायामांनी छातीचा स्नायू भरतो, पण तो स्तनाच्या मागे असल्यामुळे स्तन वर उचलला जात नाही. तरीही पाठ सरळ आणि खांदे मागे राहू लागले की कपड्यांत दिसण्यात फरक पडतो. आणि इतकं वजन उतरवल्यावर तुमच्या स्नायूंना ताकदीचे व्यायाम हवेच आहेत. ते त्यासाठी करा, फसव्या आशेने नको.

‘ऑपरेशनशिवाय लिफ्ट’ म्हणजे बहुधा रेडिओलहरींनी त्वचा तापवून घट्ट करणं किंवा त्वचेखाली धागे घालून ओढून धरणं. अगदी किरकोळ सैलपणा असेल तर थोडा घट्टपणा येऊ शकतो, तोही काही काळच. निप्पल खाली वळलेल्या स्तनात जास्तीची त्वचा असते, आणि ती काढल्याशिवाय कमी होत नाही. तुमच्या वर्णनावरून तुमच्यासाठी हे पैसे वाया जातील, असं मला वाटतं.

राहिलं ऑपरेशन. त्याला मॅस्टोपेक्सी म्हणतात. स्तन किती ओघळले आहेत हे ठरवायला सर्जन एक साधी पद्धत वापरतात, ती तुम्हालाही घरी बघता येईल. स्तनाखाली जिथे ब्राचा पट्टा बसतो ती घडी बघायची. निप्पल त्या घडीच्या पातळीवर असेल तर सौम्य. घडीच्या खाली, पण स्तनाच्या सर्वांत खालच्या टोकाच्या वर असेल तर मध्यम. निप्पल अगदी तळाला येऊन जमिनीकडे वळलं असेल तर जास्त. तुमचं शेवटच्या दोनांपैकी काहीतरी असावं.

या शस्त्रक्रियेत जास्तीची त्वचा काढतात, आतला भाग नव्याने आकार देऊन वर बसवतात आणि निप्पल वर घेतात. निप्पल सहसा पूर्ण सुटं करत नाहीत. खालच्या ऊतींना, रक्तवाहिन्यांना जोडलेलं ठेवूनच ते सरकवतात. छेद किती, हे ओघळण्यावर ठरतं. थोडं काम असेल तर निप्पलच्या गडद वर्तुळाभोवती एक गोल छेद पुरतो. मध्यम असेल तर त्या वर्तुळापासून खाली घडीपर्यंत एक उभी रेघ वाढते. जास्त असेल तर खालच्या घडीतही आडवा छेद येतो. इथेच बहुतेक जणींना जाहिरातीत न सांगितलेली गोष्ट कळते: आकार मिळतो तो व्रणांच्या बदल्यात. व्रण पहिले काही महिने लाल आणि जाड दिसतात, वर्षभरात बरेच फिके होतात, पुसले मात्र जात नाहीत. तुमच्या अंगावरचे जुने व्रण जाड आणि उंच झालेले असतील, तर ते सर्जनला आवर्जून दाखवा. सैल पण अखंड त्वचा की उचललेला पण व्रण असलेला स्तन, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे.

धोके ऐकून घ्या. रक्तस्राव, संसर्ग, जखम उशिरा भरणं, दोन बाजूंत फरक राहणं. निप्पलची संवेदना कमी होऊ शकते, काहींची कायमची जाते. रक्तपुरवठा कमी पडून निप्पलचा भाग मरणं क्वचित घडतं, पण घडतं. सिगारेट ओढणाऱ्यांत हा धोका वाढतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतरही तेवढाच काळ तंबाखू पूर्ण बंद ठेवावी लागते. पुढे मूल झालं तर पाजता येईलच असं नाही. आणि वय, वजन, गुरुत्वाकर्षण पुढेही आपलं काम करत राहतातच. आकार टिकतो काही वर्षं, पण गोठून राहत नाही.

एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम. मॅस्टोपेक्सीने स्तन वर येतो, भरत नाही. तुमची तक्रार रिकामेपणाचीही आहे, तेव्हा सर्जन इम्प्लांट (स्तनात बसवायची कृत्रिम पिशवी) किंवा चरबी भरण्याबद्दल बोलतील. नुसत्या इम्प्लांटने ओघळलेला स्तन उचलला जाईल, या भरवशावर राहू नका. इम्प्लांट हवंच असेल तर तुमच्या बाबतीत दोन्ही एकत्र करावं लागेल, आणि एकत्र केलं की पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता वाढते. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. त्याभोवती शरीर जे आवरण तयार करतं ते आवळून घट्ट होऊ शकतं, इम्प्लांट फाटू शकतं. काही प्रकारच्या, विशेषतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एका दुर्मिळ लिंफोमाचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगाचा, संबंध दिसला आहे. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये इम्प्लांटवर सर्वांत ठळक दर्जाचा इशारा छापणं आणि रुग्णासमोर धोक्यांची यादी ठेवणं बंधनकारक केलं. सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं तर लक्षणं नसतानाही पाच-सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करून ते फाटलं नाही ना हे बघावं, असंही ते सांगतात. पोट किंवा मांडीची चरबी काढून स्तनात भरण्याचा मार्गही आहे, पण त्यातला बराच भाग शरीर शोषून घेतं. काही चरबी मरून गाठी होतात आणि पुढच्या मॅमोग्राफीत त्या बघून पुन्हा तपासण्या लागू शकतात. मला विचाराल तर आधी फक्त मॅस्टोपेक्सीचा विचार करा. ब्राने वरचा रिकामेपणा झाकता येतो. भर घालायची की नाही हे नंतरही ठरवता येईल.

तुमच्या उलट, स्तन खूप मोठे आणि जड असल्यामुळे मान-पाठ दुखणाऱ्या, खांद्यांत पट्ट्यांचे वळ रुतलेल्या, स्तनाखाली सतत चट्टे येणाऱ्या बायका असतात. त्यांच्यासाठी स्तन कमी करण्याची शस्त्रक्रिया हा खरोखरीचा उपचार आहे, त्यांनी संकोच करू नये.

नवऱ्याबद्दल. ‘मला फरक पडत नाही’ हे ते प्रेमाने म्हणत असतील, आणि ते ऐकून तुम्हाला एकटं वाटत असेल, हेही मला समजतं. त्यांना सांगा, ‘हा प्रश्न तुमच्या नजरेला मी कशी दिसते हा नाहीच.’ तरीही स्वतःला एकदा विचारा, ऑपरेशननंतर नेमकं काय बदलायला हवंय? ‘कपडे नीट बसावेत, आरशात बघताना मन खट्टू होऊ नये’ असं उत्तर असेल तर ते पुरेसं कारण आहे, कोणाची परवानगी लागत नाही. पण दिवसातून पुन्हापुन्हा आरसा बघितला जात असेल, लोकांत जाणं टाळलं जात असेल, झोप उडाली असेल, तर आधी समुपदेशकाशी बोला. ते दुःख टाक्यांनी शिवलं जात नाही. आणि काहीच न करणं, हाही एक पूर्ण आणि चांगला निर्णय आहे. ओघळलेले स्तन हा आजार नाही.

करायचंच ठरलं, तर वजन निदान सहा महिने एकाच जागी टिकू द्या. अजून पाच-सहा किलो उतरवायचे असतील तर ते आधी उतरवा, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर त्वचा पुन्हा सैल होईल. सर्जन प्लास्टिक सर्जरीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले हवेत, क्लिनिकचा बोर्ड कितीही चकचकीत असो. तुमच्यासारख्याच स्तनांचे, वर्षभरानंतरचे, व्रण दिसतील असे फोटो मागा. भूल कोण देणार, काही बिघडलं तर रात्री कोणाला फोन करायचा, दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागली तर खर्च कोणाचा, हे विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, आयुर्वेदिक औषधं, जे काही घेता ते सगळं सांगा. जे ‘आजच बुकिंग करा’ म्हणतात त्यांच्याकडून उठून या. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला लाजू नका.

आणि रजेचं नियोजन आधी करा. टेबलावरचं काम असेल तर साधारण एक-दोन आठवड्यांत परत जाता येतं, पण जड उचलणं, हात वर ताणणं आणि जोराचा व्यायाम चार ते सहा आठवडे बंद असतो. आधार देणारी ब्रा काही आठवडे रात्रंदिवस घालावी लागते. सूज पूर्ण उतरून आकार स्थिर व्हायला काही महिने जातात, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात आरशात जे दिसेल त्यावरून शस्त्रक्रिया फसली असं ठरवू नका. सुरुवातीच्या दिवसांत बादली, गॅसची टाकी, वरच्या फडताळातले डबे कोण उचलणार, हे नवऱ्याशी आणि मुलांशी बोलून तारीख घेण्याआधीच ठरवून टाका.